गुरांच्या दवाखान्यांतील दैनंदिन काम व त्यापासून मालकानें घ्यावयाचे धडे

शेतकऱ्याचें भांडवल दोन ठिकाणीं असतें. एक जमिनींत व दुसरें गोठ्यांत. जमीन एका रात्रींत नाहींशी होत नाहीं. गोठ्यांतील धन मात्र संध्याकाळीं स्वस्थ रवंथ करीत बसलेलें असतें आणि पहांटे पोट फुगून आडवें झालेलें आढळतें. मृगाचा पाऊस पडून वाफसा आला असतां जोडींतील एक बैल आजारी पडला, तर दुसरा कितीही चांगला असला तरी तिफण चालत नाहीं. आणि वाफसा कोणाच्याही बैलासाठीं थांबत नाहीं. भर दुधाची म्हैस गेली म्हणजे रोजच्या खर्चाचा पैसा बंद होतो, व तिच्यासाठीं काढलेलें कर्ज मात्र फेडावयाचें राहतें.

अशा प्रसंगीं ज्या ठिकाणीं धांव घ्यावयाची, त्या गुरांच्या दवाखान्यांत दिवसभर काय चालतें याची माहिती पुष्कळांस नसते. आजारी जनावर घेऊन गेलेला मालक आपल्याच काळजींत असतो; त्याचें लक्ष औषधाच्या बाटलीकडे व परतीच्या वाटेकडे असतें. परंतु आपलें जनावर आजारी नसतांना जो कोणी तेथें अर्धा दिवस बसून शांतपणें पाहील, त्याच्या ध्यानांत एक गोष्ट सहज येईल. ती ही कीं, बरें होणारीं व दगावणारीं जनावरें यांतील फरक बहुतेक वेळां दवाखान्याच्या दाराबाहेरच ठरलेला असतो. मालक केव्हां आला, त्यानें काय पाहिलें, काय सांगितलें व येण्यापूर्वीं घरीं काय केलें, यांवर डॉक्टरांच्या औषधाचें यश अवलंबून असतें. हें कसें, तें दवाखान्यांतील दिवसाच्या क्रमानें पुढें सांगितलें आहे.

प्रदेश व व्यवस्था

उदाहरणासाठीं आपण दोंडाईच्यासारखें बाजारपेठेचें गांव घेऊं. धुळें जिल्ह्याच्या शिंदखेडें तालुक्यांतील हें गांव सुरत-भुसावळ लोहमार्गावर असून मिरचीच्या बाजाराकरितां प्रसिद्ध आहे. भोंवतालच्या प्रदेशांत कापूस, ज्वारी, बाजरी व मिरची हीं पिकें आहेत. औतास खिल्लारी व निमाडी बैल, दुधास म्हशी व संकरित गाई, गरिबाच्या दारीं शेळ्या, आणि माळावर ठेलारी मेंढपाळांचे कळप असें येथील पशुधन आहे. तापीपलीकडे सारंगखेडें येथें दत्तजयंतीस घोड्यांचा मोठा बाजार भरतो. सारांश, अशा भागांतील पशुवैद्यास एका दिवसांत खुरांचीं, शिंगांचीं, केंसाळ व लोकरी अशीं सर्व जातींचीं जनावरें पाहावीं लागतात. आणि त्यांपैकीं एकासही आपलें दुःख बोलून दाखवितां येत नाहीं.

पशुवैद्यकाची शास्त्रीय शाळा जगांत प्रथम फ्रान्स देशांतील लिआँ शहरीं १७६१ सालीं स्थापन झाली. त्या काळीं युरोपांत बुळकांडीच्या सांथीनें गुरांचा फडशा पडत होता, हें तिच्या स्थापनेचें एक मोठें कारण होतें. आपल्याकडे मुंबईस परळ येथें १८८६ सालीं पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें, आणि सर दिनशा माणकजी पेटिट यांच्या औदार्यानें उभारलेलें बाई साकरबाई रुग्णालय हें तेथील विद्यार्थ्यांचें प्रत्यक्ष शिक्षणाचें ठिकाण झालें. २००० सालीं या शास्त्रासाठीं नागपूर येथें स्वतंत्र विद्यापीठ स्थापन झालें. दवाखान्याचा मुख्य हा पदवीधर पशुवैद्य असतो. त्याच्या हाताखालीं मलमपट्टी करणारा व्रणोपचारक व एखादा परिचर असतो. मोठी शस्त्रक्रिया किंवा क्ष-किरणांची तपासणी लागल्यास जनावर जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयाकडे पाठवितात. म्हणजे दोन-तीन माणसांच्या हातांवर अनेक गांवांच्या गोठ्यांचा भार असतो, हें आरंभींच लक्षांत ठेवावें.

१. नोंदवही आणि प्रश्न

दवाखाना उघडण्यापूर्वींच आवारांतील झाडांखालीं गुरें बांधलेलीं दिसतात. कोणी गाडींतून म्हैस आणलेली असते, कोणी बैल चालवीत आणलेला असतो, तर कोणाच्या हातांत शेळीची दोरी असते. प्रत्येक जनावराची नोंद वहींत होते: मालकाचें नांव व गांव, जनावराची जात, वय, वेत, कानांतील बिल्ल्याचा अंक व तक्रार. त्यानंतर प्रश्न सुरू होतात. पाहणाऱ्यास प्रथम वाटतें कीं, जनावर समोर उभें असतांना मालकाशीं इतकें बोलण्यांत वेळ कां घालवावा? परंतु रोगनिदानाचा मोठा भाग याच बोलण्यांत होत असतो. पुढील प्रकारचा संवाद कोणत्याही दवाखान्यांत ऐकूं येईल:

"आबा, बैलानें वैरण केव्हां सोडली?"

"कालपासून, डॉक्टरसाहेब."

"रवंथ करतो काय?"

"तें सालदारास ठाऊक."

"शेण पातळ टाकलें कीं घट्ट?"

"तेंही त्यासच ठाऊक."

आणि सालदार त्या वेळीं शेतांत पाणी भरीत असतो! मालक खोटें बोलत नाहीं. परंतु ज्यानें पाहिलें तो आलेला नाहीं, आणि जो आला त्यानें पाहिलेलें नाहीं. यास्तव पहिला धडा असा कीं, ज्याच्या हातून त्या जनावरास वैरणपाणी होतें, त्यालाच दवाखान्यांत पाठवावें किंवा बरोबर न्यावें. घरांत धार काढणारी बाई असेल, तर दुभत्या जनावराची खरी हकीकत तिच्याच तोंडून मिळते. ती येऊं शकत नसल्यास निघण्यापूर्वीं तिला विचारून घ्यावें.

डॉक्टर जे प्रश्न विचारतात त्यांतील प्रत्येकाच्या मागें कारण असतें. शेवटचें वेत केव्हां झालें हें विचारण्याचें कारण असें कीं, नुकत्याच व्यालेल्या भारी दुधाच्या गाईस होणारे रोग भाकड गाईस सहसा होत नाहींत. चारा बदलला काय, हें विचारण्याचें कारण पोटाचे निम्मे विकार एकाएकीं बदललेल्या चाऱ्यानें, किंवा धान्याच्या राशींत तोंड घातल्यानें होतात. शेजारच्या गोठ्यांत कोणी आजारी आहे काय, यावरून रोग सांथीचा कीं एकट्याचा हें कळतें. कुत्रें चावलें होतें काय, हा प्रश्न तर जनावरापेक्षां माणसांच्या रक्षणाकरितां असतो. कारण पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषानें बाधलेल्या गाईच्या तोंडांत कांहीं अडकलें असेल असें समजून हात घालणारा मनुष्य स्वतःचा जीव धोक्यांत घालतो.

सर्वांत अवघड प्रश्न शेवटचा: "घरीं काय दिलें?" येथें पुष्कळ मालक गप्प बसतात. गांवांतील कोणी सुई टोचून गेलेला असतो, कोणी तेल पाजलेलें असतें, कोणी डाग दिलेला असतो. आणि डॉक्टर रागावतील या संकोचानें तें सांगितलें जात नाहीं. हा संकोच महाग पडतो. एकच औषध दोनदां पडलें तर अपाय होतो. अर्धवट दिलेल्या जंतुनाशक औषधानें रोगाचीं लक्षणें झांकलीं जातात व रोग आंत राहतो. सूज उतरविणाऱ्या कांहीं औषधांनीं गाभण गाईचा गर्भ पडूं शकतो. सर्वांत अधिक घडणारी हानि पाजण्याची आहे. जनावराची मान उंच करून, जीभ ओढून धरून, बांबूच्या नळीनें तेल वा काढा घाईनें ओतला म्हणजे तो अन्ननलिकेंत न जातां श्वासनलिकेंत उतरतो. मग मूळचा साधा अपचनाचा रोगी फुप्फुसाच्या दाहानें कण्हूं लागतो, व डॉक्टरांपुढें एकाऐवजीं दोन रोग येतात. जें कांहीं दिलें तें लपवूं नये. बाटली किंवा वेष्टन असेल तर सोबत न्यावें. पशुवैद्यकाचा व्यवसाय नोंदणीकृत पशुवैद्यानेंच करावा असा १९८४ सालचा कायदा आहे, तो याच कारणासाठीं.

२. खोड्यांतील तपासणी

प्रश्न संपले म्हणजे जनावर लोखंडी खोड्यांत घेतात. प्रथम लांबून पाहणें: उभें कसें राहतें, कोणता पाय उचलून धरतें, श्वास पोटानें घेतें कीं छातीनें, नाकपुडी ओली आहे कीं कोरडी. नंतर गुदद्वारांत उष्णतामापक नळी. निरोगी गाईबैलाचें उष्णमान सुमारें १०१ ते १०२ अंश फारेनहाइट असतें. शेळीमेंढीचें त्याहून अधिक, १०२ ते १०४ पर्यंत. घोड्याचें कमी, १०० ते १०१. गाईबैलाची नाडी शेंपटीच्या बुडाशीं खालच्या बाजूनें हातास लागते, व ती मिनिटास साधारणतः ५० ते ७० पडते.

यांत मालकानें शिकण्यासारखी एक बारीक गोष्ट आहे. बैल दोन कोस उन्हांतून हांकीत आणला व लगेच तपासला, तर ताप नसतांही उष्णमान चढलेलें दिसतें आणि श्वास जलद असतो. खानदेशांतील वैशाखाच्या उन्हांत म्हशीच्या बाबतींत तर हें विशेषच घडतें, कारण काळ्या कातड्यास ऊन फार लागतें व तिला घाम कमी येतो. यास्तव तांतडीचा प्रसंग नसेल तर जनावर थंड वेळीं आणावें व आल्यावर अर्धा घटकाभर सांवलींत उभें करावें.

पुढें डॉक्टर डाव्या भकाळींत मूठ दाबून धरतात. रवंथ करणाऱ्या जनावराचें मोठें पोट याच बाजूस असून निरोगी स्थितींत तें दर मिनिटास एकदोन वेळां हलतें. तें हलणें मुठीस स्पष्ट कळतें. ही परीक्षा कोणासही शिकतां येण्यासारखी आहे. निरोगी बैलाच्या भकाळींत आठवड्यांतून एकदां मूठ ठेवून सवय करावी, म्हणजे ज्या दिवशीं तें थांबेल त्या दिवशीं वैरण सुटण्यापूर्वींच समजेल. डोळ्याची आंतली त्वचा गुलाबी असावी. ती पांढरी पडलेली असल्यास जंत किंवा गोचीड यांनीं रक्त शोषिलें असा संशय घ्यावा, पिवळी असल्यास यकृत बिघडलें वा रक्त नासलें असें समजावें.

३. नेहमींचे रोगी

सकाळच्या गर्दींत बहुसंख्य रोगी नेहमींच्याच तक्रारींचे असतात, व त्यांतील पुष्कळ टाळतां येण्यासारखे असतात.

औताच्या दिवसांत खांदेसूज झालेले बैल रोज येतात. जूं ओबडधोबड असणें, जोडीची उंची सारखी नसणें, व पहिल्या पावसांत ओल्या खांद्यावर काम घेणें हीं त्याचीं कारणें. औषधानें सूज उतरते. परंतु त्याच जुवास तोच बैल चार दिवसांनीं पुन्हां जुंपला तर ती परत येते. येथें रोग जुवाचा असतो, औषध बैलास दिलें जातें.

जखमेंत अळ्या पडलेलीं जनावरें पावसाळ्यांत फार. माशी बसलेल्या दिवशीं पांच मिनिटांचें असलेलें काम आठ दिवसांनीं तासाचें होतें. म्हशीचीं पारडीं पहिल्या महिन्यांत हागवणीनें दगावतात. त्यांचे जंत आईच्या दुधांतूनच येतात, म्हणून जन्मल्यापासून दहा-पंधरा दिवसांचे आंत जंताचें औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानें द्यावें लागतें. संकरित गाईस गोचीडताप अधिक होतो. लघवी कॉफीच्या रंगाची दिसली तर त्याच दिवशीं निघावें.

कासदाह हा दुभत्या गोठ्याचा मोठा शत्रु. सड सुजून दूध फाटेपर्यंत वाट पाहिली तर तो सड कायमचा जातो. धार काढण्यापूर्वीं प्रत्येक सडाची पहिली धार काळ्या फडक्यावर घेऊन पाहावी. बारीक गुठळ्या दिसल्या कीं रोगाची सुरुवात झाली असें जाणावें. उपचार चालू असतांना व त्यानंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस तें दूध विकूं नये. औषधाचा अंश त्यांत उतरतो व तो पिणाऱ्याच्या पोटांत जातो.

गाय उलटते, म्हैस माजावर येत नाहीं, या तक्रारीही रोजच्याच. कृत्रिम रेतनाचें यश वेळेवर आहे. सकाळीं माज दिसला तर संध्याकाळीं, संध्याकाळीं दिसला तर दुसऱ्या दिवशीं सकाळीं जनावर न्यावें, असा साधा नियम आहे. म्हशीचा माज पुष्कळदां मुका असतो. ती ओरडत नाहीं. तिच्यावर पहांटे व रात्रीं नजर ठेवणें हें काम घरचें आहे, तें दवाखान्यास करतां येत नाहीं.

४. तांतडीचे रोगी

गर्दी चालू असतां एखादी गाडी घाईनें आवारांत येते, व डॉक्टर हातांतील काम व्रणोपचारकाकडे सोंपवून तिकडे जातात. आधीं आलेल्या मालकांनीं अशा वेळीं कुरकुर करूं नये. उद्यां तीच वेळ आपल्यावर येऊं शकते. तांतडीचे मुख्य प्रसंग पुढीलप्रमाणें आहेत.

पोटफुगी: डावी भकाळी नगाऱ्यासारखी फुगते, जनावर तोंडानें श्वास घेतें. ओला कोंवळा चारा उपाशीपोटीं खाल्ल्यानें हें होतें. डॉक्टर तोंडांतून नळी घालून वायु काढतात, किंवा अगदींच जीवावर बेतल्यास भकाळींत नळीदार सुई मारतात. जनावर आडवें पडूं देऊं नये. पुढचे पाय उंचवट्यावर ठेवून उभें करावें व तसेंच न्यावें.

ज्वारीची विषबाधा: पावसानें ताण दिल्यामुळें खुरटलेली कोंवळी ज्वारी, व कापणीनंतर फुटलेला हिरवा फुटवा, यांत प्रखर विष उत्पन्न होतें. जनावर चरतां चरतां लडखडतें, धापा टाकतें व कांहीं वेळां घटकेच्या आंत मरतें. यावर शिरेंतून देण्याचें निश्चित औषध आहे, परंतु तें पोहोंचण्यास वेळच थोडा असतो. म्हणून अशा शेतांत गुरें शिरूं न देणें हाच खरा उपाय. पीक फुलोऱ्यावर आल्यानंतर हें विष पुष्कळ कमी होतें.

फवारणीचें विष: कापसावर फवारलेल्या औषधाचें भांडें चाटल्यानें किंवा फवारलेला बांध चरल्यानें जनावराच्या तोंडांतून लाळ गळते, अंग थरथरतें, डोळ्याची बाहुली बारीक होते. विषाच्या बाटलीवरील चिठ्ठी डॉक्टरांस दाखविल्यास उतारा लगेच ठरवितां येतो. चिठ्ठी नसली तर तर्कानें काम करावें लागतें.

अडलेली गाय: पाण्याची पिशवी फुटून दोन तास झाले व वासरूं पुढें सरकलें नाहीं, तर डॉक्टरांस बोलवावें. चार माणसांनीं दोरी लावून ओढल्यानें वासरूं मरतें व गर्भाशय फाटतें. वार साधारणतः बारा तासांच्या आंत पडते. न पडल्यास तिला दगड बांधणें किंवा घरच्या हातानें ओढणें यासारखें अज्ञान नाहीं.

दुग्धज्वर: नांवांत ज्वर असला तरी अंग थंड पडतें. व्याल्यानंतर दोन-तीन दिवसांत भारी दुधाची गाय वा म्हैस बसते, मान कुशीकडे वळविते व उठत नाहीं. रक्तांतील चुना एकाएकीं कमी झाल्याचें हें लक्षण. शिरेंतून चुन्याचें औषध हळूहळू दिलें म्हणजे मेल्यासारखी पडलेली गाय अर्ध्याएक तासांत उठून उभी राहते. पाहणारे यास चमत्कार म्हणतात. परंतु तीच गाय दुसऱ्या दिवसापर्यंत तशीच पडून राहिली, तर पायांचे स्नायु कुजतात व मग तेंच औषध निष्फळ होतें. वेळेचें महत्त्व यापेक्षां स्पष्टपणें दुसऱ्या कोणत्याही रोगांत दिसत नाहीं.

५. दुपारची फेरी

दुपारीं दवाखान्याचें दार बंद दिसलें म्हणजे काम थांबलें असा समज करून घेऊं नये. उठूं न शकणारीं जनावरें, अडलेल्या गाई, गाभण तपासणी, व ज्या गांवांत सांथीचा संशय आहे तेथील पाहणी, हीं कामें गांवोगांव जाऊन करावीं लागतात. सरकारनें फिरतीं पशुवैद्यकीय पथकें ठेविलीं असून १९६२ या क्रमांकावर दूरध्वनि करून त्यांस बोलावितां येतें. हा क्रमांक गोठ्याच्या भिंतीवर लिहून ठेवावा. डॉक्टर गोठ्यावर येतील तेव्हां जनावर बांधलेलें, जागा झाडलेली, साबण व स्वच्छ पाण्याची बादली तयार, आणि धरण्यास दोन माणसें हजर असावींत. तेवढ्यानें वांचलेला वेळ पुढच्या गांवच्या जनावराच्या कामीं येतो.

६. लस, बर्फ व कानांतील बिल्ला

दवाखान्यांत एक शीतपेटी असते. तींतील लस २ ते ८ अंश सेंटिग्रेड उष्णमानांत ठेवावी लागते. उन्हांत तापलेली लस टोचणें म्हणजे पाणी टोचणें होय. म्हणून लसीकरणाचे दिवशीं पथक सकाळीं लवकर येतें, व ठरल्या वेळीं सर्व गुरें एके ठिकाणीं हजर ठेवण्याचा आग्रह धरतें.

लसीनें काय साधतें याचें सर्वांत मोठें उदाहरण बुळकांडीचें आहे. एके काळीं गांवेंच्या गांवें बैलावांचून करणारा हा रोग भारतांत १९९५ नंतर आढळला नाहीं; २००६ सालीं आपला देश व २०११ सालीं सारें जग त्यापासून मुक्त झाल्याचें जाहीर झालें. आजच्या तरुण शेतकऱ्यास त्याचें नांवही ठाऊक नाहीं, हेंच त्या कामाचें यश. उलट बाजूचें उदाहरण आपल्याच खानदेशांतील आहे. २०२२ सालच्या ऑगस्टांत रावेर तालुक्यांतील चिनावल येथें लम्पी चर्मरोग आढळला व तेथून महाराष्ट्रांत त्याचा फैलाव सुरू झाला. अंगावर गाठी, ताप, पायांस सूज अशीं लक्षणें असलेला हा रोग चावणाऱ्या माशा, डांस व गोचीड यांनीं पसरतो. त्या वर्षीं गुरांचे बाजार बंद ठेवावे लागले व घाईघाईनें लाखों जनावरांस लस टोचावी लागली. रोग आल्यावर टोचण्यापेक्षां येण्यापूर्वीं टोचणें किती स्वस्त, हें त्या पावसाळ्यानें दाखविलें.

नियमित लसींचा क्रम ध्यानांत ठेवण्यास सोपा आहे. घटसर्प व फऱ्या यांची लस पावसाळ्यापूर्वीं. लाळ-खुरकुताची वर्षांतून दोनदां. आणि सांसर्गिक गर्भपाताची लस चार ते आठ महिन्यांच्या कालवडी-पारड्यांस जन्मांत एकदां. शेवटच्या दोहोंसाठीं २०१९ सालीं केंद्र सरकारनें देशव्यापी कार्यक्रम सुरू केला. लस टोचल्यावर एकदोन दिवस दूध थोडें घटतें, म्हणून कांहीं जण गुरें लपवितात. परंतु खुरकूत झाल्यास दूध महिनेच्या महिने घटतें व बैल उन्हांत धापा टाकणारा होऊन बसतो, याचा हिशेब त्यांनीं करावा. कानांतील बारा अंकी बिल्ल्याबद्दलही अशीच कुरकुर ऐकूं येते. त्या अंकावर जनावराची लस, वेत व उपचार यांची नोंद राहते आणि विमा किंवा नुकसानभरपाईचे वेळीं जनावराची ओळख पटविण्यास तोच उपयोगी पडतो.

७. मेलेलें जनावर

पशुवैद्याच्या कामाचा हा भाग अप्रिय असला तरी शिकविणारा आहे. शवविच्छेदनांत पोटांतून खिळे, तारेचे तुकडे व प्लास्टिकच्या पिशव्या निघतात. गाय घांस नीट न चावतांच गिळते, त्यामुळें कडब्याच्या पेंढीबरोबर तारही आंत जाते व हृदयापर्यंत टोंचते. गोठ्यांत तार व खिळे पडूं न देणें हें काम घरांतील मुलगाही करूं शकतो.

परंतु एक इशारा द्यावयास हवा. जें जनावर एकाएकीं मेलें, व ज्याच्या नाकातोंडांतून वा गुदद्वारांतून काळसर न गोठणारें रक्त आलें, तें फांशी रोगाचें असूं शकतें. तें फाडूं नये, सोलूं नये, ओढत नेऊं नये, डॉक्टरांस कळवावें. त्याचे जंतु जमिनींत अनेक वर्षें जिवंत राहतात व माणसासही बाधतात. तसेंच पडलेला गर्भ व वार उघड्या हातानें उचलूं नये. खोल खड्ड्यांत चुना घालून पुरावें. गर्भपाताचा रोग माणसांस होऊन सांधे व ताप यांनीं वर्षानुवर्षें पीडा देतो.

औषधाचा दुरुपयोग किती दूर पोहोंचतो याचें उदाहरण गिधाडांचें आहे. गुरांस सर्रास टोचल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामक औषधानें, तीं मेलेलीं गुरें खाणारीं गिधाडें मूत्रपिंड बिघडून मेलीं व आकाशांतून जवळजवळ नाहींशीं झालीं. २००६ सालीं गुरांसाठीं हें औषध बंद करण्यांत आलें. तेव्हां सल्ल्यावांचून औषध टोचण्याचा परिणाम आपल्या गोठ्यापुरताच राहतो, असें कोणीं समजूं नये.

८. सारांश

दवाखान्यांतील दिवसाचें हें काम पाहून मालकानें पुढील नियम बांधून घ्यावेत.

(१) रोज सकाळीं दावणीवरून फिरतांना खाणें, रवंथ, शेण व दूध या चार गोष्टी पाहाव्या. चारांपैकीं एक बिघडली तर त्याच दिवशीं, दोन बिघडल्या तर त्याच घटकेस दवाखान्याची वाट धरावी.

(२) जनावराबरोबर त्याची देखभाल करणारा मनुष्य पाठवावा.

(३) घरीं दिलेलें औषध लपवूं नये. नळीनें घाईनें कांहीं पाजूं नये.

(४) डॉक्टरांनीं तीन दिवसांचा उपचार सांगितला तर पहिल्या दिवशीं बरें वाटलें म्हणून तो अर्धवट सोडूं नये.

(५) व्याल्याची, माजाची व लसीची तारीख एका वहींत लिहून ठेवावी. पिकाचा हिशेब ठेवणाऱ्यास ही वही जड नाहीं.

(६) आजारी जनावर निराळें बांधावें व बाजारांत नेऊं नये. शेजाऱ्याच्या गोठ्यांत रोग गेला कीं तो फिरून आपल्याच गोठ्यांत येतो.

(७) लसीच्या दिवशीं गुरें घरीं ठेवावींत.

पोळ्याच्या दिवशीं आपण बैलास न्हाऊं घालून त्याच्या पुढ्यांत पुरणाची पोळी ठेवितों व वर्षाच्या कष्टांबद्दल कृतज्ञता दाखवितों. त्या बैलानें वैरण सोडल्याच्या पहिल्या सकाळींच जो मालक त्याच्याजवळ उभा राहून भकाळींत मूठ ठेवील व वेळेवर दवाखाना गांठील, त्याच्या दारीं पुढच्या पोळ्यास ती जोडी सजलेली दिसण्याचा संभव पुष्कळ अधिक आहे.